चार्जर ६० किलोवॉटचा, मग गाडी २८च का घेते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मुलुंडला राहता. वर्षभरापूर्वी ४० युनिटची बॅटरी असलेली गाडी घेतली. कंपनीच्या पत्रकात ५० किलोवॉटपर्यंत फास्ट चार्जिंग लिहिलं आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी संध्याकाळी पुण्याहून परतताना एक्स्प्रेस-वेवर ६० किलोवॉटच्या चार्जरला गाडी लावली, तर स्क्रीनवरचा आकडा २८ला जाऊन बसला आणि तिथेच राहिला. २२ टक्क्यांवरून ८० व्हायला ५० मिनिटं लागली आणि पुढच्या २० टक्क्यांना आणखी जवळजवळ तेवढीच. सोसायटी पार्किंगमध्ये चार्जर लावू देत नाही, त्यामुळे वर्षभर सगळं चार्जिंग बाहेर फास्ट चार्जरवरच झालंय. शेजारी म्हणतात अशाने बॅटरी तीन वर्षांत बसेल. गणपतीला याच गाडीने रत्नागिरीला जायचंय. तेव्हा दोष चार्जरचा, गाडीचा की बॅटरीचा, आणि गाडीच बदलावी का?

मी १९ वर्षं गाड्यांच्या इलेक्ट्रिकलचं काम करतोय. त्यातली शेवटची ६ वर्षं कुर्ल्यातल्या वर्कशॉपमध्ये फक्त बॅटरी पॅक उघडणं, तपासणं, दुरुस्त करणं एवढंच. तुम्ही आकडे नीट लिहून दिलेत, म्हणून ठामपणे सांगता येतं: तुमच्या गाडीत मला दोष दिसत नाही. २८चं कारण वेगळं आहे आणि ८०च्या पुढे लागलेल्या वेळाचं वेगळं. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि नाहक घाबरतात.

आधी २८ घेऊ. ४० युनिटचे ५८ टक्के म्हणजे २३ युनिट. एक किलोवॉटने तासभर चार्ज केलं की एक युनिट, त्यामुळे २८ किलोवॉटने ५० मिनिटं चार्ज केलं तरी २३ युनिटच होतात. म्हणजे २२ टक्क्यांपासून ८० पर्यंत वेग एकसारखा होता. बॅटरी स्वतः अडवत असती तर आकडा असा सरळ राहिला नसता. तो ४०-४५ला सुरू होऊन हळूहळू उतरला असता, किंवा पॅक गरम झाल्यामुळे मध्येच खाली येऊन पुन्हा चढला असता. आकडा एका जागी खिळून राहतो तेव्हा अडवणूक बहुतेक वेळा चार्जरकडून असते. आपल्याकडचे पुष्कळसे ६० किलोवॉटचे चार्जर दोन गनचे, म्हणजे गाडीला लावायच्या दोन प्लगचे असतात. एक गाडी असेल तर तिला सगळं मिळतं, दुसरी लागली की ३०-३० वाटले जातात. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे येणाऱ्या रस्त्यावर शेजारची गन रिकामी असणं अवघड. पुढच्या वेळी गाडी लावण्याआधी दुसऱ्या गनकडे बघा, आणि जागा असेल तर मोकळ्या चार्जरला लावा. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

दुसरी गोष्ट गनच्या अँपिअरची, जी बोर्डावर कधीच मोठ्या अक्षरात नसते. किलोवॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. तुमच्या आकाराच्या बऱ्याच गाड्यांचं पॅक ३२० व्होल्टच्या आसपास असतं. गन १२५ अँपिअरची असेल तर ३२० गुणिले १२५, म्हणजे ४० किलोवॉट. मागचं कपाट ६० देऊ शकत असलं तरी तुमच्या गाडीला ४०च्या वर मिळणार नाही. चार्जरच्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावर ही मर्यादा लिहिलेली असते. एकदा वाचून ठेवा. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन चार्जरवर वेगळा वेग का मिळतो, याचं उत्तर बऱ्याचदा त्या पट्टीवर असतं.

आता ८०च्या पुढचं. इथे मात्र अडवणारी तुमची बॅटरीच आहे, आणि ती अडवते म्हणून टिकते.

साबुदाणा भिजवताना काय होतं बघा. कोरडा दाणा पाणी भराभर पितो. फुगत आला की त्याचं पिणं मंदावतं. तेव्हा घाईने वाटीभर पाणी ओतलं तर ते आत शिरत नाही, वर साचून राहतं आणि सकाळी खिचडीचा गोळा होतो. बॅटरी पॅक अनेक छोट्या सेलचं बनलेलं असतं. चार्ज होताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सेलच्या एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थर रिकामे असतात तोवर ते झटपट आत जातात. थर भरत आले की प्रत्येक आयनला आत सरकून जागा शोधायला वेळ लागतो. त्या वेळी करंट कमी केला नाही तर आयन आत न जाता ग्रॅफाइटच्या वरच धातू होऊन बसतात. त्यातला बराचसा लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे तुमची रेंज कायमची गेली. तो सुईसारखा वाढत गेला तर दोन बाजूंमधला पातळ पडदा भेदून आत शॉर्टसर्किट करू शकतो. धातूरूप लिथियमची ही खोड जुनी आहे. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये ऋण बाजूला लिथियमऐवजी कार्बनचा पदार्थ वापरून सुरक्षित सेल बनवला, १९९१ मध्ये सोनीने तशी बॅटरी बाजारात आणली, आणि २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत योशिनो होते. जी गोष्ट टाळण्यासाठी कार्बन आणला, तीच घाईने चार्ज करून पुन्हा घडवायची नाही, एवढ्यासाठी गाडीचा बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा संगणक, करंट कमी करत जातो.

त्याच्याकडे आणखी एक सक्त रेघ असते, सेलच्या व्होल्टेजची. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा, म्हणजे एनएमसी सेल साधारण ४.२ व्होल्टला भरतो, लोह-फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपी सेल ३.६५ला. त्या रेघेला पोचेपर्यंत जोरात करंट देता येतो. पोचल्यावर व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरवत न्यावा लागतो. तुमचे शेवटचे ८ युनिट ५० मिनिटांत गेले, म्हणजे सरासरी साडेनऊ-दहा किलोवॉट. ८० ते १०० या पट्ट्यात हे अगदी रास्त आहे. त्या ५० मिनिटांत तुम्हाला मिळालेली रेंज ५० किलोमीटरच्या आसपास असेल, आणि तेवढा वेळ मागचा माणूस रांगेत उभा राहिला असेल. हायवेवर ८०ला गन काढायची ही मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला कळकळीने सांगतो ती गोष्ट आहे, स्वतःच्या वेळासाठीही आणि दुसऱ्याच्याही.

ही रेघ सगळ्या पॅकसाठी एक नसून प्रत्येक सेलसाठी वेगळी तपासली जाते. तुमच्यासारख्या पॅकमध्ये शंभरेक सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक जरी आधी भरला तरी बीएमएसला सगळ्यांचा करंट कमी करावा लागतो. गेल्या वर्षी भांडुपहून एक एलएफपी गाडी आली होती. तक्रार अशी की ७० टक्क्यांनंतरच वेग १० किलोवॉटच्या खाली येतो. पॅक उघडायची गरज पडली नाही. स्कॅनर लावून फास्ट चार्जरवर बसलो आणि सेलचे आकडे बघत राहिलो. सगळे ३.३८ व्होल्टवर ओळीने उभे, आणि एकच ३.५९, ३.६०, ३.६१ असा चढत चाललेला. त्या एकामुळे बाकी सगळे अर्धपोटी राहत होते. मालक पक्के शिस्तीचे होते. बॅटरीसाठी चांगलं म्हणून ८०च्या वर त्यांनी चार महिन्यांत एकदाही चार्ज केलं नव्हतं, आणि सगळं फास्ट चार्जरवर. सेल एका पातळीवर आणण्याचं काम, ज्याला आम्ही बॅलन्सिंग म्हणतो, ते बऱ्याच गाड्यांत शेवटच्या टप्प्यात, निवांत चालतं, आणि तो करंट इतका बारीक असतो की त्याला कित्येक तास लागतात. ती गाडी आम्ही पाच रात्री ओळीने १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर १०० टक्क्यांपर्यंत नेली आणि सकाळपर्यंत प्लगमध्येच ठेवली. पाचव्या सकाळी सगळे सेल एका रांगेत होते. एकही सुटा भाग बदलला नाही.

याच गाडीत आणखी एक गोष्ट घडली होती. ऐरोली पुलावर १२ टक्के दिसत असताना अचानक २ दिसू लागले आणि वेग आपोआप कमी झाला. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. ३० टक्के आणि ७० टक्के यांत सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक इतका थोडा की बीएमएसला त्यावरून अंदाज बांधता येत नाही. मग तो आत गेलेला-बाहेर आलेला करंट मोजत हिशोब ठेवतो आणि तो हिशोब हळूहळू चुकत जातो. पूर्ण भरल्यावर त्याला पक्की खूण सापडते. म्हणून बऱ्याच एलएफपी गाड्यांच्या पुस्तिकेत आठवड्यातून एकदा १०० टक्के करा असं लिहिलेलं असतं. तुमच्या पुस्तिकेत ते आहे का बघा. असेल तर पाळा. पुस्तिका एनएमसीची असेल आणि रोज ८० पर्यंतच सांगत असेल तर ते पाळा. सल्ला रसायनाप्रमाणे बदलतो. तुमच्या शेजाऱ्यांची आणि तुमची गाडी वेगळ्या रसायनाची असेल तर दोघांचा अनुभव खरा असूनही एकमेकांना लागू पडणार नाही.

आता शेजाऱ्यांची भीती. फास्ट चार्जिंगने बॅटरीचं काहीच बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. करंट दुप्पट झाला की सेलच्या आतली उष्णता चौपट होते, आणि उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू आहे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की सेलच्या आतल्या नको त्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. दिवसाला दोनदा फास्ट चार्ज होणाऱ्या टॅक्सी माझ्याकडे नेहमी येतात. घरी रात्री सावकाश चार्ज होणाऱ्या गाड्यांपेक्षा त्यांची क्षमता जरा जास्त घटलेली दिसते, पण त्या धावतातही कितीतरी जास्त. तीन वर्षांत बॅटरी बसली असं फक्त फास्ट चार्जिंगमुळे झालेलं मी पाहिलेलं नाही. ४० युनिटला ५० किलोवॉट हा काही अघोरी वेगही नाही. रिकामी बॅटरी पाऊण तासाच्या थोडं पुढे भरेल एवढाच तो आहे. बहुतेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, ती हे चार्जिंग धरूनच.

मुंबईत मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या सवयीची. गाडी १०० टक्के भरायची आणि मे महिन्यात उघड्यावर, डांबरावर दोन-तीन दिवस तशीच सोडायची. भरलेला सेल आणि उकाडा ही जोडी वाईट. सेल आतल्या आत झिजत राहतो आणि गाडी तर जागची हललेलीही नसते. बाहेरगावी विमानाने जाणार असाल तर गाडी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून, मिळाली तर सावलीत, लावून जा. १०० करायचं तर निघायच्या आधी होईल असं करा. उलट थंडीची भीती आपल्याला नाही. गारठ्यात आयन सुस्तावतात आणि ग्रॅफाइटवर धातू बसण्याचा धोका वाढतो, म्हणून गाडी वेग बराच कमी करते. ते तुम्हाला जानेवारीच्या पहाटे नाशिकला दिसेल, मुलुंडला नाही.

उन्हाळ्यात मात्र एक करा. एक्स्प्रेस-वेवर तासाभर जोरात चालवून लगेच गन लावली की पॅक आधीच तापलेलं असतं. ते ४५ अंशांच्या आसपास गेलं की बऱ्याच गाड्या करंट कमी करतात. गन लावल्यावर पुढून एसीच्या कॉम्प्रेसरचा आणि पंख्याचा मोठा आवाज येतो, तो बॅटरी थंड करण्याचा असतो. लोक त्याला घाबरून गन काढतात. काढू नका, ते चांगलं लक्षण आहे. शेवटचे १०-१५ किलोमीटर जरा आरामात चालवत आलात तर चार्जरवर तेवढी मिनिटं वाचतात.

गाडी बदलण्याबद्दलही तुम्ही विचारलंय, म्हणून थोडं. पत्रकातला कमाल किलोवॉटचा आकडा बघून गाडी घेऊ नका. तो आकडा काही गाड्या पाच मिनिटंच धरतात. १० ते ८० टक्के किती मिनिटांत आणि कोणत्या चार्जरवर, हे विचारा. ह्युंदाईच्या आयोनिक ५ची बॅटरी भारतात ७२.६ युनिटची आली, आणि १० ते ८० टक्के १८ मिनिटांत असं कंपनी सांगते. हिशोब केला तर १८ मिनिटांत जवळजवळ ५१ युनिट, म्हणजे सरासरी १७० किलोवॉट. त्यासाठी चार्जर ३५० किलोवॉटचा हवा. तिचं पॅक ८०० व्होल्टच्या वर्गातलं आहे, म्हणून निम्म्या करंटमध्ये तेवढंच काम होतं आणि तारा कमी तापतात. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ईमध्ये ७९ युनिटच्या पॅकला २० ते ८० टक्के २० मिनिटांत असा दावा आहे, तोही १७५ किलोवॉटच्या आसपासच्या चार्जरवर. तुमच्या नेहमीच्या वाटेवर ६०चेच चार्जर असतील तर या गाड्याही ६०च घेतील, आणि बॅटरी मोठी असल्याने भरायला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागेल. आधी आपली वाट बघा, मग गाडी.

सोसायटीचं बोलायचं तर प्रयत्न सोडू नका. महिन्यातून दोन रात्री जरी सावकाश चार्जिंग मिळालं तरी सेल एका पातळीवर राहतील. तोवर ऑफिसच्या पार्किंगमध्ये किंवा एखाद्या मॉलमध्ये एसी चार्जर, म्हणजे घरच्यासारख्या विजेवर सावकाश भरणारा, असेल तर पंधरवड्यातून एकदा तिथे पूर्ण भरा आणि जमेल तितका वेळ लावून ठेवा. कमिटीचा आक्षेप बहुतेक वेळा आगीचा आणि बिलाचा असतो. तुमच्या भागात वीज महावितरणची आहे. गाडीसाठी वेगळा मीटर मागता येतो, म्हणजे बिलाचा वाद मिटतो. आगीबाबत कमिटीला सांगा की रीतसर अर्थिंग, योग्य जाडीची तार आणि स्वतंत्र ब्रेकर असलेलं ३.३ किलोवॉटचं सॉकेट म्हणजे गीझर आणि थोडं वर एवढाच भार. लोकांची भीती खरी असते, तिला हिडीसफिडीस न करता वायरमनला सोबत नेऊन जागा दाखवली की पुष्कळदा काम होतं.

आता रत्नागिरी. मुलुंडहून साधारण ३३० किलोमीटर. चार माणसं, सामान, पाऊस आणि एसी धरून मी युनिटला साडेसहा किलोमीटरच धरतो. जवळच्या चार्जरवर १०० टक्के भरूनच निघा. महाड साधारण १६५ किलोमीटर, तिथे पोचाल तेव्हा ३५ टक्क्यांच्या आसपास उरलेले असतील. पहिला आणि एकच मोठा थांबा तिथे घ्या, ८० करा. चार्जर मोकळा मिळाला तर अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. तिथून पुढे रत्नागिरीला १५-१७ टक्क्यांवर पोचाल. ते अगदी काठावरचं वाटत असेल तर चिपळूणला दहा मिनिटं लावा. पण पहिला थांबा चिपळूणपर्यंत ताणू नका. वाटेत घाट आहे, आणि गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत त्या रस्त्यावर कुठे किती वेळ अडकाल सांगता येत नाही. रांग असेल तर १० टक्क्यांनी पोचलेल्या माणसाला पर्याय उरत नाही, ३५ने पोचलेल्याला उरतो.

पावसात चार्जिंग करायला हरकत नाही. गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलून, तारेचं इन्सुलेशन तपासूनच वीज सोडतात. फक्त गनच्या तोंडात पाणी गेलेलं असेल तर ते झटकून टाका, नाहीतर चार्जर दोष दाखवून बंद पडतो. गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर सॉकेटचं झाकण उघडून आत कोरडं आहे ना ते आधी बघा.

गावच्या घरी १५ अँपिअरचा सॉकेट असेल तर रात्रीच्या १० तासांत ३० युनिट भरतील, म्हणजे परतीची चिंता नाही. पण जुन्या घरात अर्थिंग नावालाच असतं, आणि सोबतचा चार्जर लाल दिवा दाखवून चालूच होत नाही. ते जुगाडाने, अर्थची तार न्यूट्रलला जोडून कधीही चालू करून घेऊ नका. गाडीच्या पत्र्याला करंट येऊ शकतो आणि घरात मुलं असतात. गावातल्या वायरमनला एक दिवस आधी बोलावून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर पहिल्या रात्री १० अँपिअरवर ठेवा. लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालू द्या, हात टिकत नसेल तर चार्जिंग लगेच थांबवा आणि तो सॉकेट बदलून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका.